गप्प बसायचा खेळ

आमच्या घरात गाडी आली ती मोठ्या बाबांच्या हौसेनं. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. पांढुर्ण्याजवळ त्यांची संत्र्याची बाग होती. एका वर्षी बहार चांगल्या भावानं गेला, तसे ते नागपूरला जाऊन एक जुनी पांढरी गाडी घेऊन आले. गाडी दिसायला रुबाबदार होती. फक्त तिचा सेल्फ मनात असेल तेव्हा लागायचा, नसेल तेव्हा घरच्यांनी खाली उतरून ढकलायचं. आतल्या आरशाला मोठ्या आईनं प्लास्टिकच्या द्राक्षांचा घोस टांगला होता, त्यामुळे त्यात द्राक्षांशिवाय काही दिसत नसे. मोठ्या बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"आपल्याले समोर जाचं हाय," ते म्हणत. "मांगं पाहून काय करतं?"

मी चौथीत होते त्या थंडीत जबलपूरला नात्यातलं एक लग्न निघालं आणि मोठ्या बाबांनी जाहीर केलं की यंदा रेल्वे नाही, गाडीनं जायचं. त्यात आणखी एक काम होतं. वाटेत छिंदवाड्याला एक मुलगा होता, आत्यासाठी. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. प्रायव्हेट बसून बी. ए. झालेली, गल्लीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज शिवणारी. तिला पाहायला दोनदा लोक येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा तिनं पोह्यांची बशी ठेवल्यावर पाहुण्यांनाच उलटे प्रश्न विचारले होते. म्हणून या वेळी 'पाहण्याचा कार्यक्रम' असा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं. जाता जाता चहा घेऊ, एवढंच म्हणत होते. मधल्या माणसाकडून मोठ्या बाबांनी निरोप मात्र धाडला होता की आमची बहीण फार शांत आहे, तिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

निघायच्या दिवशी डिकीत संत्र्यांच्या पेट्या भरल्या, कारण लग्नघरी रिकाम्या हातानं कसं जायचं. मग बिछान्याची वळकटी मागच्या सीटवर आली. समोर मोठे बाबा आणि बाबा. मागं एका खिडकीशी आई, दुसऱ्या खिडकीशी आत्या, मधे वळकटी, आणि उरलेल्या जागेत, म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या पायावर, आम्ही तिघं. मी, माझ्याहून लहान भाऊ, आणि मोठ्या बाबांची शेंडेफळ मुलगी, जिला सगळे लहानी म्हणत. मोठी आई बागेच्या तोडणीसाठी घरीच राहिली. ती आम्हाला निरोप देताना बरीच आनंदात दिसली.

आईला गाडी लागत असे. तिनं घरूनच गोळी घेतली होती. त्या गोळीनं उलटी थांबायची, पण माणूस लाकडासारखं झोपायचं.

"बाई, पोट्ट्यांकडे आता तुमीच पाहा," आई आत्याला म्हणाली, पदर तोंडावर घेतला आणि पांढुर्ण्याची घरं संपायच्या आत झोपली.

मोठ्या बाबांना गाडी चालवताना मागून आवाज आलेला खपत नसे. आवाज आला की ते वळून ओरडायचे, आणि ते वळले की गाडीही वळायची. म्हणून आम्हाला रमवून ठेवणं हे नुसतं लाडाचं काम नव्हतं, त्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून होता. आत्यानं गोष्टीपासून सुरुवात केली. तिच्या गोष्टींना शेवट नसे, कारण तो तिलाही ठाऊक नसे. त्या दिवशी आमच्याच बागेत येऊन संत्री खाणारा वाघ होता.

"वाघ संत्रं सोलते कसा?" भावानं विचारलं.

"त्यानं सोलाले एक माकड ठेवलं हाय."

"आन माकड सुट्टीवर गेलं त?" लहानी म्हणाली.

आत्यानं विचार केला. "मंग तो सालटासकट खाते आन दिवसभर तोंड वाकडं करून बसते."

भावाला वाघाचं वाकडं तोंड करून पाहायचं होतं, ते त्यानं मोठ्या बाबांच्या कानाशी जाऊन केलं. गाडी एका बाभळीच्या जवळून गेली. बाबा, जे शाळेत मास्तर होते, शांतपणे म्हणाले, "काहीतरी बसल्या जागचं खेळव ना यांना."

जामसांवलीला गाडी थांबली. इकडून जाणारा कोणी मारुतीला हात जोडल्याशिवाय पुढं जात नाही. तिथला मारुती निजलेला आहे. भाऊ बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिला आणि मग पुजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "यानंबी आईवाली गोळी घेतली का?" बाबांनी त्याला कडेवर उचलून बाहेर आणलं. आई गाडीतच होती. तिचे हात आत्यानं खिडकीतून जोडून दिले.

तिथून पुढं आत्यानं मोजणीचा खेळ काढला. पांढरा बैल दिसला की एक मार्क, बकरी दिसली की दोन, आणि टकला माणूस दिसला की पाच. बकऱ्या आणि बैल रस्त्याकडेला भरपूर होते, टकले मात्र मिळत नव्हते. थंडीमुळे सगळ्यांनी मफलर गुंडाळले होते. भाऊ मागं पडला होता आणि त्यामुळे कासावीस झाला होता. सौंसरला चहासाठी उतरलो. टपरीसमोरच्या बाकावर एक गृहस्थ ऊन खात बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भाऊ त्यांच्याकडं बोट करून सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "पाच!"

गृहस्थ वळले. ते मोठ्या बाबांच्या ओळखीचे निघाले. मोठ्या बाबांची संत्री दर वर्षी तेच घेत.

"पाच काय?" त्यांनी विचारलं.

"पाचवीत हाय तो," मोठे बाबा म्हणाले. भाऊ दुसरीत होता आणि त्यानं तसं लगेच सांगितलंही. आत्या चहाच्या कपात तोंड घालून खोकत राहिली. आम्ही चहा अर्धवट टाकून निघालो. गाडीत बसल्यावर मोठे बाबा मागं न वळता बोलले, यावरूनच ते किती रागावलेत ते कळलं.

"आता छिंदवाडा येवस्तोवर मले मांगून एक आवाज नाई पाह्यजे. एक बी."

आत्यानंही हात टेकले होते. घरून निघाल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं आणि घसा बसला होता. तिनं आम्हाला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "आपण गप्प बसायचा खेळ खेळू. जो बोलन तो हरन. जो छिंदवाड्यापर्यंत बोलणार नाई, त्याले कपातलं आइस्क्रीम."

थंडीत आइस्क्रीम आई कधी खाऊ देत नसे. पण आई झोपलेली होती. आम्ही तिघांनी तोंडावर बोट ठेवलं.

मला वाटतं, आम्हा मुलांना इतकं गंभीर होताना घरच्यांनी त्याआधी पाहिलं नसेल. रामाकोन्याच्या बाजूला छोट्या लाईनीची रेल्वे रस्त्याशेजारून धावायला लागली. एरवी आम्ही खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडलो असतो. त्या गाडीनं आम्हाला मागं टाकलं, डब्यातली माणसं हसून हात दाखवत होती, आणि आम्ही मुक्यानंच हात हलवले. मोठ्या बाबांना इतकी शांतता सवयीची नव्हती. त्यांनी बाबांना विचारलं, "हाय ना मांगं सारे?" बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "आहेत. बहिणीनं जादू केली."

सिल्लेवानीचा घाट लागला आणि गाडी तापली. वर वर जाताना बोनेटमधून वाफ यायला लागली. बराचसा घाट चढून झाल्यावर, रस्ता थोडा सपाट होऊन पुढं उताराला लागतो अशा एका जागी मोठ्या बाबांनी गाडी थांबवली. पाणी टाकलं, इंजिन निवू दिलं. मग सेल्फ मारला तर गाडीनं नुसता घसा खाकरला.

"ढकला लागते," मोठे बाबा म्हणाले.

बाबा उतरले. आत्याही उतरली. जांभळ्या रंगाची नवी साडी चुरगळू नये म्हणून तिनं अंगावर शाल घेतली होती, ती तिनं काढून वळकटीवर टाकली, पदर खोचला आणि मागून जोर लावला. बाबा समोरच्या दाराजवळून ढकलत होते. गाडी हलली, उताराला लागली, गचका खाऊन सुरू झाली. त्या गचक्यानं आत्याचं उघडं दार आपोआप धाडकन लागलं. बाबा धावत धावत पुढच्या सीटवर चढले. आत्या धावत आली, पण तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती खाली वाकली.

सुरू झालेली गाडी पुन्हा थांबवायची नाही हा मोठ्या बाबांचा नियम होता. ते गिअर टाकत ओरडले, "बसले का सारे?"

मागून कोणी बोललं नाही. बाबांना दम लागला होता. मोठ्या बाबांनी शांततेचा अर्थ 'हो' असा घेतला आणि वेग वाढवला.

आम्ही तिघं मागच्या काचेला चिकटलो. आत्या रस्त्याच्या मधोमध एक चप्पल हातात घेऊन धावत होती आणि चप्पल हलवत होती. मग वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली. मी भावाकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी बोलावं याची तो वाट पाहून राहिलाय.

मी बाबांचा खांदा हलवला आणि मागं बोट दाखवलं.

"हो, माकडं आहेत," बाबा म्हणाले. "घाटात असतातच."

मी मान जोरानं हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं. बाबांनी एकदा मागं नजर टाकली. आईच्या शेजारी वळकटीवर आत्याची शाल पसरलेली होती. "दोघी झोपल्या," ते मोठ्या बाबांना हळूच म्हणाले. "बिचारी थकली."

मग भावानं प्रयत्न केला. त्यानं धावण्याची नक्कल केली, चप्पल हलवण्याची नक्कल केली, जीभ बाहेर काढून धापा टाकल्या. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की छान, पण कुत्रा शेपटीही हलवतो.

समोरच्या सीटच्या पाठीवर धूळ बसली होती. मी बोटानं तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आत्या'. आणि बाबांना वळवून ते दाखवलं. बाबांनी चष्मा नीट केला, वाचलं, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"अक्षर सुधारलं तुझं," ते म्हणाले. "पण अर्धा त नीट दिसत नाही. त्याला 'या'जवळ आण."

मी तो पुसून 'या'ला चिकटून काढला. "आता बरोबर," बाबा म्हणाले आणि पुन्हा समोर पाहू लागले.

शेवटी लहानीच्यानं राहवलं नाही. तिला आइस्क्रीमपेक्षा आत्या जवळची होती, किंवा तिला खेळच नीट कळला नव्हता. ती सीटवर उभी राहिली आणि तिच्या बापाच्या कानात म्हणाली, "आत्या मांगं राह्यली."

"हे हरली," भाऊ म्हणाला. आणि मग आपणही बोललो हे कळून त्यानं भोकाड पसरलं.

मोठ्या बाबांनी ब्रेक मारला. गाडी बंद पडली. बाबांनी वळून शाल उचलली, खाली वळकटीच निघाली.

"तुमी पोट्टे बोलले काहून नाई?" मोठे बाबा म्हणाले.

"तुमीच म्हटलं एक आवाज नाई पाह्यजे," भाऊ रडत रडत म्हणाला.

बाबा मागं धावत जायला निघाले, तेवढ्यात घाटातून एक ट्रक आला. वर संत्र्यांच्या पेट्या बांधलेल्या. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आत्या बसली होती आणि शेंगदाणे खात होती. बाबांनी दोन्ही हात वर केले. आत्यानं आमच्याकडं पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली, आणि ट्रक आमच्या बाजूनं हॉर्न वाजवत निघून गेला.

हॉर्ननं आई जागी झाली. "छिंदवाडा आलं का?" तिनं विचारलं. मग शेजारी पाहिलं. "बाई कुठी गेल्या?"

"समोर," बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

आम्हाला ढकलायला त्या रस्त्यावर कोणी मिळेना. बऱ्याच वेळानं लाकडाच्या मोळ्या घेऊन जाणारी माणसं आली, त्यांनी संत्र्यांच्या बदल्यात गाडी ढकलली. उमरानाल्याला ट्रक उभा असेल म्हणून पाहिलं, नव्हता. छिंदवाड्यात मंडीत जाऊन पाहिलं. संत्र्यांचे ट्रक पुष्कळ, आत्या कोणत्याच ट्रकात नाही. बाबा म्हणाले, पोलिसांत सांगावं. मोठे बाबा म्हणाले, "काय सांगतं? पोट्टे खेळून राहिले होते म्हणून बहीण हरवली?"

मग ठरलं की आधी त्या मुलाच्या घरी जायचं, दोन शब्दांत माफी मागायची आणि शोधायला निघायचं. पण मुलगी ट्रकात बसून गेली असं सांगायचं कसं? मोठ्या बाबांनी तोंड धुतलं, केस बसवले आणि म्हणाले, "मी पाहतो काय सांगाचं ते. बाकी कोणी मधात बोलू नका."

घर बाजाराच्या मागं होतं. बाहेर ओसरी, आत शाळेच्या फळ्यासारखी काळी फरशी. मुलाची आई दारात आली. उंच, कपाळाला मोठं कुंकू. मुलगा तहसिलीत नोकरीला होता, तो मागं उभा होता. सगळे बसले. मोठ्या बाबांनी घसा साफ केला.

"आमची बहीण येणार होती," ते म्हणाले, "पण काय झालं, परवापासून तिले ताप हाय. घरीच झोपून हाय बिचारी."

"अरे अरे," मुलाची आई म्हणाली. "जास्त हाय का?"

"उठवत नाई तिच्यानं. पाणीबी दुसऱ्यानं पाजा लागते."

आतल्या दाराचा पडदा बाजूला झाला आणि आत्या पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. साडीच्या काठाला घाटातला लाल चिखल, केसांत वाळलेलं पान. तिनं ट्रे मोठ्या बाबांपुढं धरला.

"भाऊ, पाणी घ्या," ती म्हणाली.

मोठ्या बाबांनी ग्लास उचलला. तो त्यांनी एका दमात संपवला.

"ताप उतरला वाटते," मुलाची आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मागं तिच्या मुलानं मात्र भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताना मला दिसत होते.

आत्या पत्ता विचारत तासाभरापूर्वीच तिथं पोचली होती. ट्रकवाल्यानं तिला विचारलं होतं, घरून भांडून निघाली का. ती म्हणाली, नाही, घरच्यांसोबतच निघाली. आम्ही दिसलो तेव्हा थांबू नका असं तिनंच त्याला सांगितलं होतं. हे तिनं आईला नंतर सांगितलं. "म्हटलं, मले पाहाचं ठरलंच हाय त मीच आधी जाऊन त्यायले पाहून घेतो." तिनं त्या घरी येऊन खरं काय ते सगळं सांगून टाकलं होतं, भाकरी मागून खाल्ली होती आणि मुलाच्या आईच्या ब्लाउजची बाही जिथं उसवली होती तिथं टाकाही घातला होता.

चहा झाला. मोठे बाबा कोणाकडं पाहत नव्हते. मुलानं विचारलं, पोरांना जरा बाजारात फिरवून आणू का. पोरांना सांभाळायला म्हणून आत्याही निघाली. दुकानात आम्हाला एकेक कप आइस्क्रीम मिळालं, तेव्हा खेळ कोण जिंकलं याची चौकशी कोणी केली नाही. त्यानं फक्त विचारलं, गाडीत काय झालं ते सांगा. आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. टकला, माकडं, अर्धा त, सगळं एकमेकांत मिसळलं. तो इतका हसला की दुकानाच्या पायरीवर बसला.

मग त्याचं लक्ष आत्याच्या पायांकडं गेलं. तुटकी चप्पल पिशवीत घेऊन ती एका पायानं अनवाणी फिरत होती. त्यानं पिशवी मागून घेतली, चप्पल हातात घेतली आणि समोरच्या मोच्याकडं जाऊन उभा राहिला. आत्या एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय त्या पायावर टेकवून आइस्क्रीम खात त्याच्याकडं पाहत होती. ती त्याला एकही प्रश्न विचारत नव्हती. ते मला नवीन होतं.

परत आलो तेव्हा निघायची वेळ झाली होती. या वेळी मुलाच्या घरचे, शेजारचे, सगळे गाडी ढकलायला आले. मोठ्या बाबांनी गाडी सुरू केली, तशीच सुरू ठेवून थांबवली आणि खाली उतरून स्वतः एकेकाला हात लावून मोजलं.

शहर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "त्यायचा होकार हाय. काय सांगाचं मंग त्यायले?"

"हो म्हना," आत्या म्हणाली. "पण शांत हाय असं नका सांगू आता."

"आता त्यायले काय सांगतं," मोठे बाबा म्हणाले. आधी ते हसले. मग बाबा हसले. आई हसली नाही, कारण तिनं दुसरी गोळी घेतली होती.

त्या उन्हाळ्यात आत्याचं लग्न झालं. वरात छिंदवाड्याहून बसनं आली. पण त्याआधी जबलपूरचा उरलेला रस्ता होता. आत्या म्हणाली की तिचा घसा संपला आहे, पोट्टे आता ज्याचे त्यानं पाहावे, आणि ती पुढं मोठ्या बाबांच्या शेजारी जाऊन बसली. बाबा मागं आले. त्यांनी चष्मा पुसला, आम्हाला सरळ बसवलं आणि कोणती नदी कुठून निघते ते विचारायला सुरुवात केली. नर्मदा अमरकंटकहून निघाली तोवर लहानी झोपली. ताप्ती मुलताईहून निघाली तेव्हा भावाची मान माझ्या खांद्यावर पडली. त्यापुढच्या नद्या मलाही आठवत नाहीत.

जबलपूरच्या लग्नात बाबा भेटेल त्याला सांगत होते की मुलांना प्रवासात रमवणं काही अवघड नाही, फक्त शिकवायची हातोटी पाहिजे.